तलवारीची धार, चिलखताची जाडी आणि सोपेपणाचा वाद

वाद व्हिडिओ गेमचा होता: शस्त्र आणि चिलखत अपग्रेड केले, म्हणजे त्यांची ताकद वाढवली, की खेळ सोपा होतो का? त्याला तोंड फुटले ते वकिलाच्या एका विधानाने. (आमच्या कट्ट्यावर खरी नावे कोणी वापरत नाही. वकील खरोखर वकील आहे, मास्तर मात्र आयुष्यात कधी शाळेत शिकवायला गेलेला नाही.) "ॲक्शन आरपीजीमध्ये अवघड असे काही नसतेच," तो म्हणाला. (ॲक्शन आरपीजी म्हणजे आपले पात्र वाढवत नेत प्रत्यक्ष लढायचे खेळ; बॉस म्हणजे त्यांतला वाट अडवणारा मोठा शत्रू.) "बॉस हरत नसेल तर माघारी जा, शस्त्र अपग्रेड करणारे दगड गोळा कर आणि परत ये. जो अडथळा दगड वेचून दूर होतो, त्याला कौशल्याची कसोटी कशाला म्हणायचे?"

मास्तराला हे मुळीच पटले नाही. त्याचे म्हणणे असे की, अपग्रेडमुळे बॉसची चाल बदलत नाही; त्याचा वार कधी येणार आणि तो कसा चुकवायचा, हे साध्या तलवारीने लढणाऱ्याला जितके शिकावे लागते तितकेच शेवटपर्यंत अपग्रेड केलेल्या तलवारीने लढणाऱ्यालाही शिकावे लागते. त्याने २०११ च्या 'डार्क सोल्स'चा दाखला दिला. त्यातला पायरोमॅन्सर (आगीचे मंत्र वापरणारे पात्र) लेव्हल एकपासून, म्हणजे ताकदीच्या सर्वांत खालच्या पायरीपासून, सुरू होतो आणि ती लेव्हल अखेरपर्यंत न वाढवता खेळ पूर्ण करणारे खेळाडू आहेत.

"आणि तेच खेळाडू शस्त्र मात्र शेवटच्या पायरीपर्यंत अपग्रेड करतात," वकिलाने त्याला तिथेच पकडले. "म्हणजे त्यांनी लेव्हल सोडली, पण धार सोडली नाही. हा दाखला तुझ्या बाजूचा आहे की माझ्या?" मुद्दा बिनतोड होता. त्या खेळात पायरोमॅन्सीचा मारा पात्राच्या ताकद, चपळाई अशा गुणांवर जवळजवळ अवलंबूनच नसतो, तो हातातली ज्योत किती अपग्रेड केली आहे त्यावर ठरतो. त्यामुळे लेव्हल एकचा खेळाडू दिसतो तितका दुबळा नसतो.

तेवढ्यात आमच्यातल्या प्रोग्रामरने मोबाइलवर गणित मांडले, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा भाग तोच होता. त्याने गृहीत धरले की, बॉसला हरवेपर्यंत त्याचे वीस वार चुकवावे लागतात, प्रत्येक वाराला आपली चूक होण्याची शक्यता दहा टक्के आहे आणि एकच तडाखा बसला की खेळ खलास. अशा वेळी जिंकण्याची शक्यता सुमारे १२ टक्के येते. आता शस्त्राचा डॅमेज (एका वाराने होणारी इजा) दुप्पट केला, तर लढाई निम्म्या वेळात संपते, चुकवायचे वार दहाच उरतात आणि शक्यता सुमारे ३५ टक्क्यांवर जाते. शस्त्र तसेच ठेवून एक तडाखा पचवू शकेल असे चिलखत घातले, तर ती सुमारे ३९ टक्के होते. आणि दोन्ही केले, तर जवळपास ७४ टक्के.

"खेळणारा तोच, बोटे तीच, चुकण्याचे प्रमाणही तेच," प्रोग्रामर म्हणाला. "तरी जिथे आठ वेळा खेळून जेमतेम एकदा जिंकत होता, तिथे आता चारांतले तीन डाव जिंकतो आहे." वकील खूश झाला. पण मास्तराने त्याच आकड्यांतून उलटा अर्थ काढला: प्रत्येक वाराला चूक होण्याची शक्यता दहावरून पाच टक्क्यांवर आणली, तर कोणतेही अपग्रेड न करता वीस वारांतून निभावण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के होते, म्हणजे डॅमेज दुप्पट केल्याइतकीच. खेळ आपल्याला दोन चलनांत किंमत चुकती करू देतो, एक सरावाचे आणि दुसरे सामग्रीचे, असे त्याचे म्हणणे पडले. मला हे पटते. फक्त सरावाचे चलन पुढच्या बॉसकडेही बऱ्यापैकी चालते, तर सामग्रीचे भाव पुढच्या प्रदेशात पडलेले असतात, एवढी पुस्ती मी जोडेन.

या हिशेबात एक बारीक खोच आहे, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शत्रूची हेल्थ (जीवनशक्ती) ३०० असेल आणि आपला वार १०० चा असेल, तर तो तीन वारांत पडतो. अपग्रेड करून वार १४० चा केला तरी तीनच वार लागतात, आणि १५० ला पोचताच दोन पुरतात. म्हणून एखादे अपग्रेड वाया गेल्यासारखे वाटते आणि पुढचे चमत्कारासारखे. लांबलचक हेल्थच्या बॉससमोर ही पायरी जाणवत नाही, वाटेतल्या किरकोळ शत्रूंसमोर मात्र सगळा फरक तीच पाडते.

मग चर्चा 'डायब्लो २'कडे वळली, कारण तिथे अपग्रेड म्हणजे चैन नसून प्रवेशमूल्य आहे. त्याच्या २००१ च्या विस्तारात (मूळ खेळाला नंतर जोडलेल्या भागात) नाइटमेअर या मधल्या पातळीवर प्रत्येक रेझिस्टन्समधून (आगीसारख्या माऱ्याचा जितके टक्के भाग अडवला जातो, त्यातून) ४० आणि हेल या सर्वांत अवघड पातळीवर १०० वजा होतात. नॉर्मल या पहिल्या पातळीत जेमतेम ७५ टक्के रेझिस्टन्स गाठलेला वीर तसाच हेलमध्ये गेला, तर तो उणे २५ वर येतो. म्हणजे आगीच्या ज्या माऱ्यातला चतुर्थांश भाग त्याला लागला असता, तिथे आता सव्वापट लागतो. मारा पाचपट झाला, आणि तो कोणत्याही चुकीमुळे नव्हे. इथे मास्तरही नरमला. अशा खेळात नवे चिलखत खेळ सोपा करत नाही, ते फक्त हिरावून घेतलेली जागा परत देते.

२०१२ च्या 'डायब्लो ३'मध्ये हीच गोष्ट हाताबाहेर गेली होती. इन्फर्नो या सर्वांत अवघड पातळीवर शत्रूंचा मारा इतका अफाट होता आणि मेलेल्या शत्रूंकडून उपयोगी वस्तू इतक्या क्वचित मिळत, की लढून मिळवण्यापेक्षा खेळातल्याच लिलावघरात इतर खेळाडूंकडून विकत घेणे बहुतेकांना शहाणपणाचे वाटू लागले. अवघडपणाचे उत्तरच जर बाजारात मिळत असेल, तर खेळायचे कशाला, हा प्रश्न अपरिहार्य होता. ते लिलावघर मार्च २०१४ मध्ये बंद झाले आणि त्याच सुमारास आपल्याच पात्राला उपयोगी पडतील अशा वस्तू अधिक मिळू लागल्या.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे २००६ चा 'ओब्लिव्हियन'. तिथे शत्रू खेळाडूच्या लेव्हलबरोबर वाढत, इतके की वाटेवरचे भुरटे दरोडेखोरही पुढे काचेची मौल्यवान चिलखते घालून उभे राहत. आपली धार वाढली की त्यांचीही वाढते, मग कमावले काय? वकिलाने इथे आपलेच पहिले विधान जरा मागे घेतले. जुन्या जागी परत जाऊन पूर्वी छळणाऱ्या शत्रूला एका घावात लोळवण्याचा आनंद हवाच, आणि तो हवा असेल तर अपग्रेडने काही ठिकाणी खेळ सोपा व्हायलाच हवा, हे त्याने मान्य केले.

'मॉन्स्टर हंटर वर्ल्ड'वर मात्र कडाक्याचे भांडण झाले. त्या मालिकेत लढण्याचे बळ वाढते ते मुख्यतः शस्त्र आणि चिलखत यांतूनच. पुढे विस्तारापर्यंत लवकर पोचता यावे म्हणून नव्या खेळाडूंना डिफेंडर शस्त्रे देण्यात आली, जी सुरुवातीच्या शिकारींसाठी गरजेपेक्षा फारच ताकदवान ठरतात. मास्तराचा आक्षेप असा की, श्वापद चार चाली दाखवण्याआधीच मरते, त्यामुळे खेळाडू काही न शिकता पुढे जातो आणि विस्तारात पाऊल टाकताच आपटतो. प्रोग्रामरला हे उपदेशाचे डोस वाटतात. ज्याला मित्रांबरोबर पुढच्या शिकारीला जायचे आहे, त्याला मागे अडकवून ठेवण्यात कसले शिक्षण, असे तो विचारतो. मी या बाबतीत मास्तराच्या बाजूने आहे, पण त्याचा स्वर मलाही आवडत नाही.

'सेकिरो'चा विषय लवकर आटोपला. मुख्य तलवार एकच, आणि तिची ताकद प्रामुख्याने मोठ्या बॉसना हरवूनच वाढते. त्यामुळे सामग्री गोळा करून पुढे निघून जाण्याची वाटच फार अरुंद.

शेवटी सगळे अडले ते 'एल्डन रिंग'पाशी. त्यात साधी शस्त्रे २५ पायऱ्यांपर्यंत, खास शस्त्रे १० पायऱ्यांपर्यंत अपग्रेड होतात, चिलखते मात्र होतच नाहीत. जग मोकळे असल्याने कोण कोणती धार घेऊन कुठे पोचेल, हे आधी सांगता येत नाही. जून २०२४ च्या विस्तारात यावर तोडगा म्हणून स्कॅड्यूट्री ब्लेसिंग आले: २० पायऱ्या, मारा आणि संरक्षण दोन्ही वाढवणाऱ्या, पण परिणाम फक्त त्या नव्या प्रदेशापुरता. तरी अनेक जण ते न शोधताच बॉसवर धडकत राहिले, अवघडपणाच्या तक्रारी झाल्या, आणि काही दिवसांतच पॅच (खेळातली दुरुस्ती) काढून सुरुवातीच्या पायऱ्यांचा लाभ वाढवावा लागला.

वकिलाच्या मते हा खेळ घडवणाऱ्यांचाच दोष आहे. कोणत्या बॉससाठी कितव्या पायरीची अपेक्षा आहे, हे दारावरच लिहावे. मास्तर म्हणतो की तसे लिहिले, तर कमी पायरीवर जिंकणाऱ्याला आपण काय साधले ते कळेल खरे, पण बाकीचे सगळे तो आकडा गाठेपर्यंत दाराला हातसुद्धा लावणार नाहीत. प्रोग्रामरने सुचवले की, आकडा लिहावा, पण पाच वेळा हरल्यावरच दिसावा. "पाच की दहा?" यावर पुन्हा जुंपली आणि ती अजून मिटलेली नाही.