नट आवळण्याबद्दल

हरित अर्थव्यवस्थेत छोट्या माणसाला धंदा कुठे आहे, यावरच्या माझ्या लेखाखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आली. दोन दिवस तशीच ठेवली. राग ओसरला की लिहू, म्हटलं. ओसरला नाही, म्हणून आता लिहितेच.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा: सौरऊर्जा अनुदानाच्या कुबड्यांवर उभी आहे. जुन्या पॅनेलचा कचरा कोण उचलणार? देखभालीत धंदा आहे म्हणता, पण देखभालीचे पैसे देतं कोण? आणि शेवटी, "लेखिकाबाईंनी आयुष्यात एक नट तरी आवळलाय का? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!"

आधी तुमची बरोबर असलेली गोष्ट. एका ठिकाणी मी 'रोज २० किलोवॅट' लिहिलं होतं. तिथे किलोवॅट-तास, म्हणजे बोलण्यातलं युनिट, हवं होतं. क्षमता आणि निर्मिती यांची गल्लत माझ्याकडून व्हायला नको होती. दुरुस्त केलं आहे. आभार.

आता नट.

आवळलेत. अकरा वर्षं आवळतेय. पहिली तीन वर्षं एका भागीदाराबरोबर पॅनेल बसवायची कामं केली, मग ती बंद करावी लागली, कारण प्रत्येक निविदेत आमच्यापेक्षा स्वस्त कुणीतरी निघायचंच. त्यानंतर आजपर्यंत दुसऱ्यांनी बसवलेले संच तपासते, दुरुस्त करते. उन्हाळ्यातल्या भर दुपारी, कारण बिघाड तेव्हाच नीट सापडतो. तेव्हा उंटाचं सोडा, मला शिडीसुद्धा पक्की मिळाली तर मी खूश असते.

आणि ज्याने खरंच नट आवळलाय तो तुमच्यासारखं बोलणार नाही. पॅनेल सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या चिमट्याचा नट हाताला लागेल तसा पिळायचा नसतो. किती जोर लावायचा याचा आकडा पॅनेल बनवणारा देतो आणि त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. कमी आवळला तर वाऱ्याने पॅनेल हलतं. जास्त आवळला तर काच तडकते, किंवा त्याहून वाईट, आतल्या, वीज बनवणाऱ्या सेलला केसाएवढी चीर जाते आणि ती वरून दिसतसुद्धा नाही. शिवाय नट एकदा आवळला की काम संपलं, असंही नाही. पॅनेलची चौकट अॅल्युमिनियमची, सांगाडा बहुधा पोलादाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. रोज दिवसा ताणलं जाणार, रात्री आखडणार. काही वर्षांनी तोच नट सैल. बसवून झाल्यावरही देखभाल लागतेच आणि धंदा तिथे आहे, माझ्या लेखाचा मुद्दा नेमका हाच होता, आणि तुम्ही तो मला टोमणा म्हणून परत पाठवलात.

नटापेक्षा मला भीती जोडण्यांची वाटते. एका ठिकाणी संच निम्मीच वीज देत होता. मालकाने तीनदा पॅनेल धुऊन घेतली होती. पॅनेल एकापुढे एक जोडून ओळ करतात; इथल्या दोन ओळींपैकी एक पूर्ण बंद होती: एका कंपनीचा नर कनेक्टर, दुसऱ्या कंपनीचा मादी. दोन्ही टक्क आवाज करून बसतात, पण आतला स्पर्श नीट होत नाही, तापतो, आणि शेवटी प्लास्टिक वितळतं. हा डीसी, म्हणजे एकाच दिशेने सतत वाहणारा प्रवाह आहे. घरातला एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत ती पेटतीच राहते, आणि छतावर आग लागली तरी सूर्य काही बंद करता येत नाही. मी ते वितळलेलं प्लास्टिक अजून जपून ठेवलंय. असो.

'बाई'बद्दल एकच. याच पानावर पाहुण्या लेखकांना तुम्ही 'सर' म्हणून लिहिलेल्या प्रतिक्रिया आहेत. मी शोधून पाहिल्या. लेखन आवडलं नाही तर खुशाल तसं सांगा, पण हातात पाना दिसल्याशिवाय बाईचं ऐकायचं नाही, ही अट पाहुण्यांना का नाही?

राहिलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. अनुदान हवं होतं, नक्कीच. जर्मनीने २००० साली कायद्याने वीस वर्षांचा ठरावीक दर दिला, मागणी वाढली, कारखाने मोठे झाले, आणि २०१० नंतरच्या दशकात पॅनेलच्या किमती साधारण नऊ दशांशाने उतरल्या. कुबड्यांचंच मोजायचं तर २०२२ साली जगभरात खनिज इंधनाच्या वापरावरचं अनुदान आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने एक लाख कोटी डॉलरच्या वर होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया माझ्या पाहण्यात नाही. कचऱ्याचं म्हणाल तर पॅनेलच्या वजनात सर्वांत मोठा वाटा काचेचा असतो, आणि युरोपीय संघाने २०१२ सालीच पॅनेल इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या नियमांत आणली. पैसे देतं कोण, यावर स्वतंत्र लेख लिहीन. इथे एवढंच, की मला देतात. सगळे नाही, आणि वेळेवर तर नाहीच.

पण तुमच्या प्रतिक्रियेत मधेच एक वाक्य होतं, बहुधा मला खोटं पाडण्यासाठी लिहिलेलं: तुमच्या स्वतःच्या छतावरचा संच चौथ्या वर्षी पाव भाग कमी वीज देतोय आणि बसवणारा फोन उचलत नाही. वयामुळे पॅनेल वर्षाला साधारण अर्धा टक्का उतरतं. चार वर्षांचे झाले दोन टक्के. पाव भाग म्हटलं की मला वेगळाच संशय येतो. इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनेलच्या डीसीचा घरातला एसी करणाऱ्या पेटीच्या, पडद्यावर भर दुपारी प्रत्येक ओळीचा प्रवाह वेगळा दिसत असेल तर तो टिपून घ्या. चार ओळी असतील आणि एक शून्यावर असेल, तर धुऊन काही होणार नाही. आकडे इथेच लिहा, मी पाहीन. तोवर छतावर जाऊन कुठलाही कनेक्टर हाताने उपसू नका, ऊन असताना तर मुळीच नाही.