न घेतलेल्या गाडीनं खाल्लेले दोन फूट

आमच्या घरात सध्या एक स्कॉर्पिओ उभी आहे. कुणाला दिसत नाही, कारण ती अजून घेतलेलीच नाही. जागा मात्र तिनं आधीच घेतली. माझी. चांगली दोन फूट.

म्हणाल, म्हातारा उन्हानं भडकलाय. भडकलोय, पण उन्हानं नाही. भुसावळात अख्खा जन्म गेलाय, ४५ अंशाला आम्ही ऊन म्हणतो, संकट म्हणत नाही. ३५ वर्षं रेल्वेत फिटर होतो. निवृत्तीनंतर लोक देवळात जाऊन बसतात, नाहीतर चहाच्या टपरीवर राजकारण चघळतात. मी बेंच मांडला. व्हाइस (लोखंड पकडायचा शिकंजा), बेंच ड्रिल, ग्राइंडर, एक जुनं वेल्डिंग मशीन. कुणाचं गेट, कुणाच्या कूलरचा स्टँड, शेतातल्या कुणाच्या पंपाचं काहीबाही. पैसे घेतो का? कधी घेतो, कधी चहावर भागवतो. तो मुद्दा नाही.

घरापुढं पार्किंग आहे. आतून १६ फूट रुंद, २० फूट लांब, दर्शनी नऊ फुटी शटर. त्याला मी गॅरेज म्हणत नाही. आपल्याकडं गॅरेज म्हटलं की लोकांना दुरुस्तीच आठवते. एकदा सुनेनं नुसतं "गाडी गॅरेजमध्ये आहे" म्हटलं, तर तिच्या भावानं विचारलं, काय बिघडली? आणि ग्राइंडरचा आवाज ऐकून आजवर तीन जण पंक्चर काढायला आलेत ते वेगळेच.

तर या पार्किंगमध्ये एका अंगाला मुलाची स्विफ्ट आणि दुसऱ्या अंगाला माझं दुकान. चालत होतं. मागच्या वर्षी पहिला पाऊस झाला आणि पांढऱ्या गाडीवर तपकिरी ठिपके उमटले. चूक माझीच, ते कबूल. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेते. तिच्या ठिणग्या म्हणजे जळतं लोखंडच. उडून काचेला चिकटल्या की रुतून बसतात, रंगावर पडल्या की आत शिरतात, आणि पाणी लागलं की गंजतात. मी ताडपत्री टाकायचो, पण एखाद्या दिवशी राहून जायचीच. त्यात बाजूला सुनेची स्कूटर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर जात नाही, फरशीलगत सरपटत येते. आणि मी तिथं वेल्डिंग करणार. म्हणजे मध्ये पडदी, पातळ आडभिंत, हवीच, आणि ती खालून घट्ट बंद हवी, हे आधी मीच म्हणत होतो. कुणी माझ्यावर लादलं नाही.

कशी करायची तेही मीच ठरवलं होतं. खाली तीन फूट वीट, वर अँगलची फ्रेम, तिला सिमेंटची शीट. सगळं नट-बोल्टवर. उद्या नडलं तर पाना घ्या, खोला, सरकवा. अँगल मीच कापणार होतो, वेल्डिंगही मीच करणार होतो. मिस्तरी म्हणाला, "नाना, त्याच्यापेक्षा वरपर्यंत विटेचीच करून टाकू ना. पक्कं काम." मुलगा म्हणाला, "हो पप्पा, पक्कंच करा, पत्र्याचं शेड वाटायला नको." बायको म्हणाली, "अहो, घरापुढं ते लोखंड नको बाई." तीन विरुद्ध एक. बरं, म्हटलं, पक्कं तर पक्कं.

मग मोजमाप. स्विफ्टची रुंदी १७३५ मिलिमीटर, म्हणजे पाच फूट आठ इंच. आरसे मिटतात, ते धरायचे नाहीत. डावीकडं भिंतीशी एक फूट सोडला, कारण त्या बाजूचे लोक शटरबाहेरच उतरतात. उजवीकडं दार उघडून माणूस आरामात उतरावा म्हणून दोन फूट दहा इंच. झाले साडेनऊ फूट. गिलावा धरून पडदी पाच इंच. उरले सहा फूट एक इंच, ते माझे. दोन फुटांचा बेंच, चार फूट वावरायला. हे काही मी डोळ्यांनी अंदाज घेऊन नाही केलं. टेपनं मोजून, फरशीवर दोऱ्यानं ओळ मारून दिली मिस्तरीला. वर खडूनं बाण काढला. ३५ वर्षं ज्याच्या हाताखाली इंजिनं गेली, त्याला एक सरळ रेघ मारता येते एवढा तरी विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

आणि मग मी रावेरला गेलो. मेहुण्याच्या मुलीचं लग्न. दोन दिवस. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी, झोप, परत. तिथंच माझी माती झाली.

परत येऊन बघतो तर पडदी छातीपर्यंत उभी, आणि माझी खडूची ओळ पडदीच्या पलीकडं, गाडीच्या अंगाला. दोन फूट लांब! मिस्तरी शांतपणे ओळंबा लावून बघतोय. म्हटलं, हे काय? म्हणतो, "नाना, भाऊनं फोनवर सांगितलं ना, जरा सरकवा म्हने. मले वाटलं तुम्हाले माहीत आहे."

जरा! दोन फूट म्हणजे जरा!

संध्याकाळी चिरंजीवांना विचारलं. "पप्पा, उद्या मोठी गाडी घेतली तर? स्कॉर्पिओ वगैरे. तेव्हा परत तोडफोड करत बसायचं का?"

आता ऐका. मी काही रागात बोलणारा माणूस नाही (आहे, पण आधी मोजतो). स्कॉर्पिओ-एनची रुंदी १९१७ मिलिमीटर. स्विफ्टची १७३५. वजाबाकी करा. १८२ मिलिमीटर. सव्वासात इंच सुद्धा पुरे नाहीत. ब्रेझा घेतली असती, ती १७९० ची, तर फरक दोन इंचांच्या वर थोडा. म्हणजे सगळ्यात मोठं स्वप्न पाहिलं तरी सात इंच लागतात, आणि घेतले चोवीस! बाकीचे सतरा कशाला? गाडीला लोळायला? आणि ही गाडी आत येणार कुठून? शटरमधूनच ना? शटर नऊ फुटी. ते रुंद केलं का? नाही. म्हणजे गाडी येणार तेवढ्याच तोंडातून आणि आत आल्यावर ऐसपैस हातपाय पसरणार.

हे सगळं मी कागदावर मांडून दाखवलं. मुलानं कागद बघितला, म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, पण आता बांधून झालीय ना." आणि मोबाइल उचलला. बरोबर आहे तुमचं! एवढा संताप मला शिवीनं आला नसता.

नट-बोल्टची असती तर अर्ध्या दिवसात सरकवली असती. पण नाही, पक्कं काम.

चार फूट एक इंच. दोन फूट बेंच गेला की दोन फूट एक इंच उरतो, त्यात व्हाइसचा जबडा पुढं येतो, आणि माझं पोटही आहे. प्लायचा किंवा पत्र्याचा ताव आठ बाय चारचा. तो आत आडवा पडत नाही, वळत नाही, उभा केला तर मला उभं राहायला जागा नाही. वीस फुटी पाइप एकदा आत घातला की तो दिशा बदलत नाही. मागच्या भिंतीला एकच खिडकी होती, ती पडदीच्या पलीकडं गेली. म्हणजे वारा खातेय गाडी, आणि मी आत भाजतोय. वैशाखात दुपारी त्या बोळात वेल्डिंग करून बघा. भरिताची वांगी भाजायला काड्या लागणार नाहीत. सोळा अँपिअरचा बोर्डही पलीकडंच राहिला. आता पडदीला भोक पाडून वायर ओढून घ्यायची, आणि जिथं भोक तिथून पेट्रोलची वाफ. म्हणजे ज्यासाठी पडदी बांधली त्यालाच छिद्र.

बायको म्हणते, "चार फुटात काय होत नाही? उभंच तर राहायचं असतं तुम्हाला." हे जिचं स्वयंपाकघर तेरा फुटांचं आहे ती म्हणते.

शेजारी आले, पडदीवर थाप मारून म्हणाले, "काय भो, मस्त झालं ना काम! भाडेकरू ठेवू राह्यला का काय?" काय सांगणार यांना.

पण खरी चीड पुढं आहे. त्या दोन फुटांचं काय झालं ते बघा. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी आल्या, लेक आली, पाहुण्यांच्या बाजा काढल्या. पाहुणे गेले, बाजा परत माडीवर नेणार कोण? पडदीला टेकवल्या. "तिथं जागा आहे ना." मग वर्षाचा गहू आला. कडुलिंबाचा पाला घालून पोती शिवली, तीही पडदीशी. "तिथं जागा आहे ना." सुनेनं व्यायामाची सायकल घेतली होती, ती सहा दिवस चालवून तिथं. जुना कूलर, त्याची मोटर मी दुरुस्त करेन या आशेवर, तिथं. नातवाचा तुटका पाळणा, कुरडयांचा सोऱ्या, पिठाचे डबे, निवडणुकीतल्या कुठल्यातरी पक्षाचा एक गुंडाळलेला बॅनर (कुणी आणला देव जाणे). स्कॉर्पिओची जागा कूलर आणि कुरडयांनी घेतली.

आणि माझ्या दुकानाचं दार उघडतं पार्किंगकडं. अडीच फुटी दार. आत जायचं तर आधी सायकल सरकवायची, मग बाज धरायची, मग आडवं होऊन शिरायचं. परवा हातात गरम फ्लॅटपट्टी घेऊन बाहेर येत होतो, पाय पोत्याला लागला. "अहो, गव्हात लोखंडाचा चुरा पडेल!" माझा पाय मोडला असता त्याचं काही नाही.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो, कारण ब्लडप्रेशरची गोळी घ्यायची वेळ झालीय. गाडी कुठं असते माहीत आहे? रस्त्यावर. निंबाखाली. पोती सांभाळत गाडी आत घालायचा कंटाळा येतो म्हणून. "पप्पा, सकाळी परत काढायचीच असते ना." वर पाखरं, खाली पांढरी गाडी. ठिणग्यांचे ठिपके बरे होते असं म्हणायची वेळ आलीय.

काल रात्री सगळे झोपल्यावर मी माझ्या जुन्या ओळीवर परत खडू फिरवला. सकाळी पडदीचा पहिला थर काढायचा असं ठरवून उठलो. घण शोधला. घण आहे गव्हाच्या पोत्यांमागं. पोती हलवायला दोन माणसं लागतात, आणि घरातली दोन माणसं, मुलगा आणि नातू, सोफ्यावर बसून स्कॉर्पिओचे व्हिडिओ बघताहेत.