फिरणारी नर्तकी तुमच्या मेंदूची बाजू सांगत नाही

एका पायावर गिरक्या घेणाऱ्या नर्तकीची काळी छायाकृती तुम्हीही पाहिली असेल. सोबतचा मजकूर ठरलेला असतो. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसली तर तुमचा उजवा मेंदू प्रबळ, म्हणजे तुम्ही कल्पक आणि भावनाशील. उलट दिशेने दिसली तर डावा प्रबळ, म्हणजे तर्कनिष्ठ आणि हिशेबी. दोन्ही दिशांना दिसली तर बुद्ध्यांक १६०च्या वर. नोबुयुकी कायाहारा या जपानी वेब डिझायनरने २००३ साली ही आकृती केली. मेंदूची चाचणी हे लेबल तिला नंतर लागलं, २००७च्या सुमारास वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरून ते जगभर गेलं आणि अजूनही फिरतं आहे. मुलांना हे चित्र दाखवून ‘तू गणितातली नाहीस’ असं सांगितलं जाण्याची शक्यता मला अस्वस्थ करते, म्हणून यातलं एकेक विधान तपासू.

‘ती एका दिशेला फिरते आहे.’

सगळी गफलत इथून सुरू होते. चित्रात दिशा नाहीच. पडद्यावर प्रत्यक्षात काय घडतं ते पाहा: लांब केलेला पाय उजवीकडून डावीकडे सरकतो आणि परत येतो. तो शरीराच्या पुढून गेला की मागून, हे ठरवायला नाक, डोळे, कपड्यांच्या चुण्या, उजेड-सावली असं काहीतरी लागतं. छायाकृतीत यातलं काहीच नसतं. त्यामुळे दोन्ही अर्थ सारखेच बरोबर आहेत.

हे कोड्यासारखं वर्तन नवं नाही. १८६० साली सिन्स्टेडेन या जर्मन अभ्यासकाने उजळ आकाशापुढे काळ्या दिसणाऱ्या पवनचक्कीबद्दल हेच लिहून ठेवलं: पाहता पाहता पाती उलटी फिरू लागल्यासारखी दिसतात. १९५३ साली वॉलाक आणि ओ’कॉनेल यांनी फिरत्या वस्तूंच्या नुसत्या सावल्या पडद्यावर दाखवल्या. पाहणाऱ्यांना सपाट सावल्यांऐवजी फिरणारी घन वस्तू दिसली, आणि तिची दिशा मधूनच पालटत होती. सपाट हालचालीतून खोली उभी करणं हे दृष्टीचं नेहमीचं काम आहे. पुरावा अपुरा असला तरी ती एक अर्थ निवडते, आणि तो इतक्या ठामपणे दाखवते की दुसराही शक्य आहे हे पटतच नाही.

याच छायाकृतीवर हातापायांच्या कडा दाखवणाऱ्या चार पांढऱ्या रेघा काढल्या, की संदिग्धता संपते. कोणता पाय पुढे आहे हे कळतं आणि साऱ्यांना एकच दिशा दिसते. चार रेघांनी साऱ्या प्रेक्षकांचा स्वभाव बदलला, असं कोणी म्हणणार नाही.

‘बऱ्याच जणांना ती घड्याळाच्या दिशेने दिसते, म्हणजे त्यांचा उजवा मेंदू प्रबळ आहे.’

पहिला अर्धा भाग खरा आहे. कौल खरोखरच घड्याळाच्या दिशेकडे झुकलेला असतो. २०१० साली ट्रोये आणि मॅकॅडम यांनी त्याचं कारण शोधलं. मूळ आकृती किंचित वरून पाहिल्यासारखी काढलेली आहे. त्यामुळे लांबवलेलं पाऊल पडद्यावर सरळ रेषेत न फिरता चपट्या वर्तुळात फिरतं. आपण वरून पाहतो आहोत असं धरलं, तर या वर्तुळाची खालची कड जवळची ठरते आणि नर्तकी घड्याळाच्या दिशेने फिरते. खालून पाहतो आहोत असं धरलं, तर तीच कड लांबची ठरते आणि दिशा उलटते. संदिग्ध वस्तूकडे आपण वरून पाहतो आहोत असं धरून चालण्याकडे दृष्टीचा कल असतो. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, पायाखालचं पाहत चालणाऱ्या प्राण्याला तो साजेसाच आहे. या झुकावाचं मूळ पाहण्याच्या कोनात आहे.

‘एक दिशा उजवा मेंदू पाहतो, दुसरी डावा.’

शरीररचना याच्या विरुद्ध आहे. नर्तकीच्या मध्यावर नजर रोखली, की चित्राचा डावा अर्धा भाग मेंदूच्या उजव्या गोलार्धाकडे, म्हणजे उजव्या अर्ध्याकडे जातो आणि उजवा अर्धा डाव्याकडे. दोघेही एकाच वेळी कामाला लागलेले असतात. गतीची दिशा ओळखण्यात मेंदूतल्या ‘एमटी’ किंवा ‘व्ही ५’ या भागाचा मोठा वाटा आहे आणि तो दोन्ही गोलार्धांत असतो. तिथल्या चेतापेशींना आपापली आवडती दिशा असते: एक उजवीकडच्या हालचालीला जोरात प्रतिसाद देते, दुसरी डावीकडच्या. वेगवेगळ्या दिशांच्या या पेशी एकाच गोलार्धात शेजारीशेजारी नांदतात.

१९९० साली न्यूसम आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या या भागात एका ठिकाणी अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडला, तेव्हा माकडांचा दिशेबद्दलचा कौल त्या जागेच्या आवडत्या दिशेकडे झुकला. १९९८ सालचा प्रयोग तर नर्तकीच्या फारच जवळचा आहे. माकडांना ठिपक्यांचा फिरणारा संदिग्ध दंडगोल दाखवला. चित्र तेच असतानाही पेशींची सक्रियता माकडाने कोणती दिशा दिसल्याचं कळवलं, त्यानुसार बदलत होती. दिशेचा निवाडा असा शेजारच्या पेशींच्या चढाओढीत होतो.

‘माणसं उजव्या किंवा डाव्या मेंदूची असतात.’

या कल्पनेला एक खरं बीज आहे. दोन गोलार्धांमधला दुवा शस्त्रक्रियेने तोडलेल्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी संशोधन केलं आणि १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. गोलार्धांच्या कामात फरक आहे, बहुतेकांमध्ये भाषा डावीकडे अधिक असते, हे निर्विवाद. पण कामाची विभागणी असणं वेगळं आणि माणसाचा अख्खा मेंदू एका बाजूला झुकलेला असणं वेगळं. २०१३ साली युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ७ ते २९ वयोगटातल्या १,०११ जणांची मेंदूची स्कॅन तपासली. मेंदूतली काही जाळी डावीकडे, काही उजवीकडे अधिक जोडलेली आढळली, पण एखाद्या व्यक्तीचा सगळाच मेंदू एका बाजूला प्रबळ असल्याचा पुरावा सापडला नाही.

‘दोन्ही दिशांना फिरवता आली तर बुद्ध्यांक १६०च्या वर.’

याला कसलाही आधार नाही. नर्तकी उलटवायची असेल तर वरचा भाग हाताने झाका आणि फक्त पावलांकडे पाहत राहा; ती फिरत नसून पाऊल नुसतं इकडून तिकडे झुलतं आहे असं दिसू लागलं, की हात काढा. पहिल्या खेपेला बहुधा जमणार नाही, नंतर जमेल. त्या दोन मिनिटांत बुद्ध्यांक वाढलेला नसेल.