कॅमेरे लागले, पण फुटेज मागणार कोण?

लेखात म्हटलंय की पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही आले म्हणजे कोठडीतली मारहाण आपोआप बंद होईल, हे काही पटलं नाही बघा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितलंय की लॉकअपसकट सगळीकडे आवाजासह रेकॉर्डिंग पाहिजे आणि ते १८ महिने, निदान वर्षभर तरी जपून ठेवायचं, पण ते फुटेज मागायचं कुणी आणि कधी, घरच्यांना हे माहीतच नसतं आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आमच्या कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका ओळखीच्या पोराला मोबाईल चोरीच्या संशयावरून उचललं होतं, ठाणं कुठलं ते लिहीत नाही. मेडिकल तपासणीला आणलं तेव्हा मी तिथंच होतो, तळपाय इतके सुजलेले की चप्पल पायात जाईना, हातात धरून चालत होता. डॉक्टरांनी कन्नडमधून विचारलं काही त्रास आहे का, आणि ज्याने मारलं तोच पोलीस शेजारी उभा! पोरगं मराठी शाळेत शिकलेलं, नुसती मान हलवली. अरेस्ट मेमो, म्हणजे अटकेची नोंद असलेला कागद, तो पण कन्नडमध्येच, काय लिहिलंय न कळता सही केली. सुप्रीम कोर्टाच्या अटकेच्या नियमांवरच्या डी. के. बसू निकालात तर अटकेच्या वेळच्या जखमा लिहून त्याची कॉपी आरोपीला द्या म्हटलंय, कुणी दिली? सीमाभागात पहिलं हे पाहिजे, पोलिसाला खोलीबाहेर काढून तपासणी आणि आरोपीला समजेल त्या भाषेत कागद. आणि कुणाच्या घरी असं झालंच तर वकिलाला पहिल्याच दिवशी फुटेज राखून ठेवायचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे द्यायला सांगा.