प्रतिक्रियेला उत्तर: विंडोज ११ ‘चालते’, पण अपडेट किती दिवस येतील?

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या आय५-६५०० वर (इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर) रूफस या ११ च्या हार्डवेअर अटी वगळू शकणाऱ्या साधनाने बनवलेल्या पेनड्राइव्हने विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती टाकली आणि ती झकास चालते; तेव्हा ‘आठव्या पिढीखालच्या इंटेलवर ११ टाकू नका’ असं लेखात सांगून मी लोकांना नाहक नवीन मशीन घ्यायला लावतो आहे. वडिलांच्या आय५-८४०० लाही (आठवी पिढी) पीसी हेल्थ चेक, म्हणजे ११ चालेल का ते तपासणारं मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅप, नकार देतंय, म्हणून तिथेही रूफसच वापरणार आहात. शिवाय त्यानंतरच्या २५एच२ पेक्षा मुरलेली २४एच२ बरी, आणि पाचशे रुपयांत विंडोज प्रोची की (परवान्याचा क्रमांक) मिळत असताना होमवर का अडायचं, असे दोन मुद्दे आहेत.

आधी वडिलांच्या मशीनबद्दल, कारण तिथे रूफसची गरजच नाही. आय५-८४०० मायक्रोसॉफ्टच्या ११ साठीच्या प्रोसेसरांच्या यादीत आहे. तरी नकार येतो तो बहुधा दोन कारणांनी: बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) टीपीएम ही सुरक्षेची हार्डवेअर सोय बंद आहे आणि विंडोज आजच्या यूईएफआयऐवजी जुन्या लेगसी बूट पद्धतीने टाकलेली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की गावातल्या दुकानात, त्या काळात असेंबल केलेल्या कितीतरी मशीनांची हीच गत आहे. रन उघडून एमएसइन्फो३२ टाइप करा. ‘बायोस मोड’समोर ‘लेगसी’ दिसलं की निदान झालं.

उपाय म्हणजे डिस्क जुन्या एमबीआर मांडणीतून नव्या जीपीटी मांडणीत नेणं, आणि तो क्रमानेच करायचा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:० /अलाउफुलओएस’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. डिस्कचा क्रमांक डिस्क मॅनेजमेंटमध्ये आधी बघून घ्या. ही आज्ञा फक्त तपासते, डिस्कला हात लावत नाही. आपल्याकडे ती हमखास इथेच अडते, कारण आपल्याला सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडायची सवय. या साधनाला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात आणि एक्स्टेंडेड पार्टिशन अजिबात चालत नाही. सिस्टम रिझर्व्ह्ड, सी आणि डी मिळून तीन झाले की ई बहुतेक वेळा एक्स्टेंडेडच्या पोटात गेलेला असतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्याच्याभोवती हिरवी चौकट दिसते. ई वरचा सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, तिथून चार फाइली उघडून खात्री करा, मग ई आणि ती हिरवी चौकट दोन्ही डिलीट करा. डीदेखील त्याच चौकटीत असेल तर त्याचंही तेच. पुन्हा तपासा. यश आलं की ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’. एकदा डिस्क जीपीटी झाली की हवे तेवढे ड्राइव्ह पुन्हा पाडा, एमबीआरमधली चार प्रायमरी पार्टिशनांची अट तिथे नसते.

यानंतरच बायोसमध्ये जाऊन सीएसएम (लेगसी बूटची सोय) बंद करा, बूटसाठी ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा आणि इंटेल पीटीटी (इंटेलचं अंगचं टीपीएम) चालू करा. गिगाबाइटच्या बोर्डांवर पीटीटी साधारणतः पेरिफेरल्स किंवा मिसलेनियसमध्ये असतं, असुसवर पीसीएच-एफडब्ल्यूमध्ये. क्रम चुकला, म्हणजे सीएसएम आधीच बंद केलं, तर डिस्कवरून बूट होत नाही आणि माणूस घाबरतो. डेटा कुठेही गेलेला नसतो. सीएसएम पुन्हा चालू केलं की विंडोज येते. आणखी एक अडचण फार जुन्या ग्राफिक्स कार्डांची. त्यांच्यात यूईएफआयची सोय नसते, त्यामुळे सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहतो. अशा वेळी कार्ड काढून केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. आय५-८४०० मध्ये ग्राफिक्स आहेच. शेवटी टीपीएम.एमएससी उघडून ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०’ दिसतंय का बघा. विंडोज अपडेटचं पान यानंतरही काही तास नकार दाखवू शकतं, एक दिवस थांबा. मग ११ सरळ मार्गाने येईल आणि प्रोसेसर यादीत असेपर्यंत पुढच्या आवृत्त्याही.

आता तुमच्या आय५-६५०० कडे वळू. ती चालते, हे मला पूर्ण मान्य. अट अन्यायाची आहे, हेही मान्य: सातव्या पिढीत एमबीईसी ही सुरक्षेची हार्डवेअर सोय आलेली असतानाही ती पिढी वगळली, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मधला आय७-७८२०एचक्यू मात्र यादीत घेतला. सहाव्या पिढीत ही सोय नाही, म्हणून ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही विंडोजची सुरक्षा सेटिंग चालू केलीत तर तुमचं मशीन जास्त दमेल. पण मला काळजी वाटते ती वेगाची नव्हे. अशा मशीनला महिन्याचे सुरक्षा अपडेट सहसा मिळतात, वर्षाची नवीन आवृत्ती मात्र विंडोज अपडेटमधून आपोआप येत नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच आधार असतो. २४एच२ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो, २५एच२ चा १२ ऑक्टोबर २०२७ ला. तारीख उलटली की मशीन तसंच झकास चालत राहतं, फक्त सुरक्षा अपडेट थांबतात. म्हणून दर वर्षी कुणीतरी आठवणीने ताजी आयएसओ (विंडोज टाकायची फाइल) उतरवून पुन्हा रूफस चालवायला हवं. तुम्ही ते कराल. मी लेख लिहिला तो ज्या घरात नेटबँकिंग आजोबा करतात आणि मशीनकडे बघणारा नातू पुण्याहून दिवाळीलाच येतो, त्या घरासाठी.

आणि पळवाट कायम उघडी राहीलच असंही नाही. २४एच२ ला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना लागतात. ती आल्यावर कोअर टू ड्युओ या इंटेलच्या फार जुन्या प्रोसेसरवर रूफसने ११ चालवणाऱ्यांची वाट तिथेच संपली. तुमच्या प्रोसेसरमध्ये या सूचना आहेत, पण पुढची अट काय असेल ते आपल्या हातात नाही.

याच तारखांमुळे २४एच२ वर थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. दोन्हींचा गाभा एकच. अद्ययावत २४एच२ वर एक छोटं पॅकेज बसवलं की ती २५एच२ होते. नव्याने टाकणाऱ्याने जुनी आयएसओ निवडली तर स्थैर्य वाढत नाही, वर्षभराचे अपडेट तेवढे जातात.

सहाव्या-सातव्या पिढीवाल्यांना नवीन मशीन घ्या असं मी म्हणत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण ईएसयू ही मुदतीनंतरच्या सुरक्षा अपडेटची योजना घेतली तर घरच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर असतो. दिसत नसेल तर आधी राहिलेले सगळे अपडेट टाका. डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या व्याख्या यापुढेही येत राहतील, पण त्यावर विसंबू नका. त्या विंडोजमधली भोकं बुजवत नाहीत.

त्यानंतर माझी पसंती विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ या ऑपरेटिंग सिस्टमला, आधार एप्रिल २०२९ पर्यंत. चार जीबी रॅम असेल तर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. एचपी लेझरजेट १०२० ला एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं वेगळं प्लगइन लागतं. ते नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, पण छापत नाही. कॅनन एलबीपी२९०० त्याहून जास्त अडवतो. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट आहे आणि कागप फोनेटिकही आहे. विंडोजच्या फोनेटिकपेक्षा त्याच्या काही कळा वेगळ्या पडतात. टॅली किंवा जीएसटीचं डीएससी (डिजिटल सही) टोकन वापरणाऱ्यांनी मात्र विंडोजवरच राहावं.

पाचशे रुपयांच्या कीबद्दल: अशा कळा बहुधा कंपन्यांच्या घाऊक परवान्यांतल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात. घरी प्रो लागते ती दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने आत यायचं असेल, ग्रुप पॉलिसी किंवा हायपर-व्ही (विंडोजमध्ये आभासी मशीन चालवायची सोय) हवं असेल तरच. लॅपटॉपबरोबर आलेल्या ‘होम सिंगल लँग्वेज’मध्येही मराठी कीबोर्ड जोडता येतो, बदलता येत नाही ती पडद्यावरची भाषा.

वडिलांच्या मशीनवर आज फक्त ‘व्हॅलिडेट’ चालवा. नकार आला तर डिस्क मॅनेजमेंटचा स्क्रीनशॉट इथे टाका. कोणतं पार्टिशन काढायचं ते बघून सांगतो.