मृत्यूच्या दारातला कुत्रा राक्षस नाही

पाताळातल्या कुत्र्यांवर आपण फार अन्याय केलाय, असं माझं ठाम मत आहे. कुठलाही गेम किंवा चित्रपट घ्या. ग्रीक पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा, लाळ गाळणारा कुत्रा सर्बेरस येतो तो नायकाच्या हातून मरण्यासाठीच. ग्रीक कथेत त्याला कुणी मारत नाही. ग्रीक वीर हेराक्लीस त्याला शस्त्राविना धरून वर आणतो आणि पुन्हा नेऊन सोडतो. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात तर त्याला पन्नास तोंडं आहेत, आणि आत येणाऱ्या मृताला पाहून तो शेपूट हलवतो, कान पाडतो. दात दाखवतो ते बाहेर निसटू पाहणाऱ्याला.

यमाच्या कुत्र्यांचं ऋग्वेदातलं वर्णन मला याहून मोलाचं वाटतं. दहाव्या मंडलातलं चौदावं सूक्त बघा. आधी मृताला सांगितलंय, सरमा या देवांच्या कुत्रीच्या त्या चार डोळ्यांच्या दोन पिल्लांना ओलांडून चांगल्या वाटेनं झटकन पुढे जा. म्हणजे भीती आहेच. पण लगेच पुढच्या ऋचेत यमाला विनवणी येते: हे राजा, वाट राखणारे हे जे तुझे दोन कुत्रे आहेत, त्यांच्याच हवाली याला कर, याचं कल्याण कर. त्यानंतर मागं राहिलेले त्याच कुत्र्यांकडे आपल्यासाठी आयुष्य मागतात, सूर्य बघायला मिळावा म्हणून. ज्याची धास्ती, त्याच्याच हाती आपलं माणूस सोपवायचं! हे लिहिणाऱ्यांनी मरण जवळून पाहिलं असणार.

जरथुश्त्री (पारशी) परंपरेत मृतांना ओलांडाव्या लागणाऱ्या चिन्वत पुलावर कुत्रे असतात, आणि जिवंतपणी ज्यानं कुत्रा मारला त्याच्या मदतीला ते येत नाहीत, असं वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथात म्हटलंय.

हा प्राणीच का, याचं उत्तर मला इजिप्तमध्ये सापडतं. तिथली दफनभूमी वाळवंटाच्या कडेला. कोल्हे-कुत्रे तिथे फिरणार, उथळ पुरलेली प्रेतं उकरणार. अनुबिस या देवाचा जन्म यातूनच झाला, असं बरेच अभ्यासक मानतात. प्रेताची विटंबना करणाऱ्या जनावराचंच तोंड लोकांनी प्रेत जपणाऱ्या देवाला दिलं. ममी बांधणारा तोच, न्यायाच्या तराजूपाशी उभा असणाराही तोच. भीतीशी असा समझोता करायला मोठं काळीज लागतं.

मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांची कथा तर मला फारच आवडते. मिक्तलानच्या, म्हणजे मृतांच्या जगाच्या, वाटेवर रुंद नदी लागते, ती कुत्र्याच्या मदतीनं ओलांडायची. पांढरा कुत्रा म्हणतो, मी आत्ताच अंग धुतलंय. काळा म्हणतो, मी आत्ताच माखलोय. पिवळा तेवढा धन्याला पाठीवर घेऊन पलीकडे नेतो. सोळाव्या शतकात साआगुन या स्पॅनिश धर्मगुरूनं हे नोंदवून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत तरी आहे.

महाप्रस्थानात युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालणारा कुत्राही धर्मच निघतो, आणि परंपरा त्या धर्माला यमाचंच रूप मानते. माणसाला मरणापेक्षा त्या वाटेवरच्या एकटेपणाची भीती जास्त वाटली असावी. म्हणून सोबतीला कुत्रा दिला.

नॉर्स (स्कँडिनेव्हियन) कथांमधला गार्म हा कुत्रा मात्र यात बसत नाही, हे मान्य. त्याची छाती रक्तानं माखलेली, आणि रॅग्नारोक या जगबुडीच्या लढाईत तो आणि टायर हा देव एकमेकांचा जीव घेतात. पण एकट्या गार्मवरून बाकी सगळ्यांना राक्षस ठरवणं मला पटत नाही. पुढचा गेम बनवणाऱ्यांनी निदान एक तरी शेपूट हलवणारा सर्बेरस दाखवावा.