‘काहीच नको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एअर प्लांटला काय काय लागतं

गोव्यातल्या बागकामाच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सतत फिरतो आहे. त्याचा सारांश असा: एअर प्लांट, म्हणजे टिलँडसिया, हे हवेवर जगणारं झाड. त्याला माती नको, पाणी नको, खत नको. गोव्याची हवा मुळातच दमट, त्यामुळे इथे आठवड्यातून एकदा फवारा मारला तरी खूप झालं. काचेच्या गोळ्यात घालून झोपायच्या खोलीत टांगा. ते रात्री ऑक्सिजन सोडतं आणि घरातली हवा शुद्ध करतं. मात्र अंगणातल्या आंब्याला बांधू नका, ते झाडाचा रस शोषतं. सोबत गुलाबी झालेल्या एका रोपाचा देखणा फोटो.

यातली एकच गोष्ट पूर्ण खरी आहे: माती नको. बाकीच्यावर विश्वास ठेवून लोक रोपं आणतात, एक-दोन ऋतूंत ती मरतात आणि माणसं ‘आमच्या हातालाच गुण नाही’ असं म्हणून तो नाद सोडून देतात. मला याचंच फार वाईट वाटतं. हात चांगला असतो, रोपही चांगलं असतं, फक्त सांगणाऱ्याने चुकीचं सांगितलेलं असतं. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देते.

पहिला आणि सगळ्यात घातक दावा म्हणजे ते हवेवर जगतं. टिलँडसिया अननसाच्या कुळातली. तिच्या सहाशेहून जास्त जाती आहेत आणि सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या, अमेरिकेच्या दक्षिण भागापासून खाली अर्जेंटिनापर्यंतच्या. तिथे त्या फांद्यांवर, खडकांवर, अगदी विजेच्या तारांवरसुद्धा वाढतात. तारेवरच्या झुबक्यांचे फोटो पाहिले की ‘हवेवर जगतं’ हे पटकन पटतं. पण त्या तारेवर पाऊस पडतो, पहाटे दव पडतं. या झाडांची मुळं बहुतेक फक्त धरून राहण्यासाठी असतात. पाणी पितात ती पानं. पानांवर बारीक खवले असतात, रुपेरी झाक येते ती त्यांच्यामुळेच. पाण्याचा थेंब पडला की हे खवले टिपकागदासारखे तो ओढून घेतात आणि कोरडं पडलं की मिटून पानातली ओल आत राखतात.

या खवल्यांना थेंब लागतो. हवेत वाफेच्या रूपात असलेल्या ओलाव्यावर झाडाचं भागत नाही. याच्या उलट म्हणून चिलीतल्या अटाकामा वाळवंटाचं उदाहरण देतात, म्हणून तेही पाहू. तिथे टिलँडसिया लँडबेकी नावाची जात वाळूवर जवळजवळ मुळांवाचून पसरलेली असते आणि पाऊस तर नावालाही नसतो. मग ती जगते कशावर? पॅसिफिक महासागरावरून आत येणाऱ्या धुक्यावर. धुकं म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंबच. त्या झाडांचे पट्टेसुद्धा धुक्याच्या वाटेला आडवे पसरलेले असतात. कोरड्यातल्या कोरड्या जागी राहणारी जातसुद्धा पाणी पिऊनच जगते, हे यातून दिसतं.

आता गोव्याची दमट हवा. बाहेर दमट, हे खरंच. पण आपलं झाड बाहेर नसतं. ते दिवाणखान्यात पंख्याखाली असतं, नाहीतर एसीच्या खोलीत, आणि एसी तर हवेतला ओलावा काढूनच टाकतो. डिसेंबर-जानेवारीत बागेत पहाटे भरपूर दव असतं, ते घरातल्या कपाटावर पडत नाही. पुढे घाटाकडून येणारा कोरडा मतलई वारा सुटला की ओठ फुटतात, तसंच पानांचंही होतं. अशा वेळी आठवड्यातून एकदा मारलेला फवारा पंख्याखाली काही मिनिटांत उडून जातो. झाड तहानलं की पानं आतल्या बाजूला दुमडून पन्हाळीसारखी होतात आणि टोकं करपतात. ते पाहून लोक ऊन लागलं समजतात आणि झाड आणखी अंधारात नेतात, म्हणजे तहानेवर उपासमार. खिडकीजवळचा भरपूर उजेड, सकाळचं कोवळं ऊन, हे तिला हवंच असतं. टाळायचं ते दुपारचं ऊन.

पाणी द्यायचं ते बुडवून. सकाळी बादलीत साठवलेलं पावसाचं किंवा गोड्या विहिरीचं पाणी घ्यावं, रोप वीस ते तीस मिनिटं बुडवून ठेवावं, मग उलटं धरून चांगलं झटकावं आणि वारा लागेल अशा जागी आडवं ठेवावं. चार तासांत ते पूर्ण कोरडं व्हायला हवं. चवथ उरकून पाऊस ओसरला की आठवड्यातून एकदा, आणि शिगम्यानंतर उकाडा वाढला, पंखे दिवसरात्र चालू झाले की दोनदा. नळाचं पाणी चालतं, पण रात्रभर उघडं ठेवून मग वापरावं. खाजनाजवळच्या, म्हणजे भरतीचं खारं पाणी येणाऱ्या जमिनींजवळच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, ते अजिबात नको. मीठ खवल्यांवर बसतं.

सगळ्या जातींना मात्र एकच माप लावू नये. झेरोग्राफिका ही जाड, रुपेरी, कुरळ्या पानांची जात थोडा वेळ बुडवली तरी पुरते. बल्बोसा आणि कॅपुट-मेडुसे यांचा बुडखा कांद्यासारखा फुगीर आणि आत पोकळ असतो. त्यात पाणी साचून राहिलं की आतून कुजतं, म्हणून नुसतं बुचकळून लगेच झटकायचं. टेक्टोरम ही एक्वाडोर-पेरूच्या डोंगरातली पांढरी लोकरीसारखी जात दिसायला सगळ्यात सुंदर, पण आपल्या पावसाळ्यात ती सांभाळणं फार कठीण. नवख्याने तिच्या मोहात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आयोनांथा, स्ट्रिक्टा आणि दाढीसारखी लोंबणारी स्पॅनिश मॉस या जातींनी सुरुवात करावी. स्पॅनिश मॉसचा मोठा झुबका टांगण्यापेक्षा सुट्या बटा टांगाव्यात, कारण झुबक्याच्या आत हवा पोचत नाही.

मजकुरात नसलेली एक गोष्ट इथेच सांगते, कारण गोव्यात तिला फार महत्त्व आहे: तांबं. अननसाच्या कुळातल्या झाडांना, त्यातही पानांनी पाणी पिणाऱ्या टिलँडसियांना, तांबं विषासारखं आहे. आपल्या कुळागरांत पोफळींना कोळेरोग लागू नये म्हणून पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारतात. ते मोरचूद आणि चुन्याचं असतं आणि मोरचूद म्हणजे तांब्याचंच संयुग. फोंड्याकडे, सावई-वेरेच्या बाजूला किंवा डिचोली-सत्तरीत ज्यांचं घर कुळागराला लागून आहे, त्यांनी फवारणीच्या दिवशी ही रोपं आत घ्यावीत आणि फवारणीचा पंप कितीही धुतलेला असला तरी यांच्यासाठी वापरू नये. तांब्याच्या घंगाळात किंवा कळशीत भरून ठेवलेलं पाणीही यांना नको. रोप टांगायला तांब्याची तार तर मुळीच नको. शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत अशी तार गुंडाळलेली रोपं मी पाहिली आहेत. नायलॉनचा दोरा किंवा गंज न धरणारी तार घ्यावी.

खताबद्दल थोडक्यात. रानात या झाडांना पावसातून, धुळीतून, पक्ष्यांच्या विष्ठेतून अन्न मिळतं. दिवाणखान्यात त्यातलं काहीच येत नाही. ऑर्किडचं खत सांगितलेल्या मापाच्या पाव हिश्शाने, पावसाळा सोडून महिन्यातून एकदा, बुडवायच्या पाण्यात घालावं. पाकिटावर सूक्ष्म अन्नद्रव्यांत तांबं लिहिलेलं असेल तर ते खत दुसऱ्या झाडांना द्यावं.

काचेचा गोळा. तहानेने मरणारी रोपं उन्हाळ्यात मरतात, काचेतली पावसाळ्यात. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. या महिन्यांत कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. एका बाजूला छोटं भोक असलेल्या काचेच्या गोळ्यात भिजलेलं रोप चार तासांत कोरडं कसं होणार? त्यात तळाला शोभेचं ओलं शेवाळ घातलेलं असतं, म्हणजे बुडखा कायमचा ओला. वरून ते हिरवं, टवटवीत दिसतं आणि एक दिवस हात लावताच मधली पानं उपटून हातात येतात. तोवर काही करण्यासारखं उरलेलं नसतं. गोळा आवडत असेल तर पाहुणे येतील त्या दिवशी रोप त्यात ठेवा आणि संध्याकाळी बाहेर काढा.

पावसाचं पाणी या झाडांना वाईट नाही. त्याहून चांगलं पाणी त्यांना मिळणार नाही. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, कौलांच्या कडेपासून थोडं आत, जिथे पावसाचे तुषार येतात पण पागोळी थेट अंगावर पडत नाही आणि वारा दोन्ही बाजूंनी फिरतो, तिथे ती जून ते सप्टेंबर मजेत राहतात. रोप तिरकं किंवा तोंड खाली करून बांधलं की पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. सलग झड लागली आणि रोप दोन दिवस सुकलंच नाही, तर ते आत घेऊन पंख्याखाली ठेवावं. या दिवसांत वेगळं पाणी द्यायची गरज बहुधा पडत नाही.

रात्री ऑक्सिजन सोडतं, हा दावा सापाच्या जिभेसारख्या पानांच्या स्नेक प्लांटबद्दलही असाच पसरलेला आहे. त्याचं मूळ एका अर्धवट वाचलेल्या खऱ्या गोष्टीत आहे. बहुतेक झाडांची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा उघडतात. कोरड्या जागच्या झाडांना ते परवडत नाही, उन्हात पाणी उडून जाईल. म्हणून टिलँडसिया, अननस, निवडुंग यांसारखी झाडं पर्णरंध्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात त्याची साखर करतात. ऑक्सिजन तयार होतो तो पाण्याच्या विघटनातून, आणि त्याला प्रकाश लागतो. काळोखात ऑक्सिजन निर्माण होत नाही; उलट श्वसनासाठी झाड तो थोडा वापरतंच. म्हणजे रात्री कार्बन डायऑक्साइड घेणं खरं, रात्री ऑक्सिजन बनवणं खोटं. याच माहितीचा खरा उपयोग वेगळा आहे: संध्याकाळी पाणी दिलं तर ओल्या पानांवरच्या पाण्याच्या थरामुळे रात्री पर्णरंध्रांपर्यंत हवा पोचत नाही. म्हणून सकाळी पाणी.

हवा शुद्ध करतं, याच्या आधारासाठी नासाचं नाव घेतात. नासाचा तो अभ्यास 1989 चा. तो हवाबंद पेट्यांत केला होता आणि त्यातल्या झाडांत टिलँडसिया नव्हतीच. आपलं घर हवाबंद पेटी नसतं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा जुन्या प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. घरातली हवा नेहमीच्या येण्याजाण्याने जितकी बदलते तितका परिणाम झाडांनी साधायचा तर दर चौरस मीटर जमिनीमागे 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यांनी काढलं. खिडकी उघडा, काम झालं. टिलँडसियाचा हवेशी खरा संबंध असा की तिच्या पानांवर हवेतली धूळ आणि जड धातू साठत जातात, म्हणून काही देशांत प्रदूषण मोजायला तिचा वापर करतात. म्हणजे खराब हवेचा त्रास तिला होतो, त्यावर ती औषध नव्हे.

राहिला आंब्याचा प्रश्न. आंब्याचा आणि काजूचा रस शोषणारं बांडगूळ आपण सगळे ओळखतो. ते फांदीच्या आत शिरून तिचं पाणी घेतं, म्हणून ते कापून टाकावंच लागतं. टिलँडसिया फांदीच्या सालीला फक्त धरून राहते, आत शिरत नाही. विजेच्या तारेतून ती कसला रस शोषणार? आपल्या रानातलं ऑर्किड, सीतेची वेणी, मे-जूनमध्ये झाडांवर लोंबते, तीही अशीच नुसती आश्रयाला असते आणि तिने झाड मारल्याचं कोणी पाहिलेलं नाही. तेव्हा आंब्याच्या सावलीतल्या फांदीला टिलँडसिया खुशाल बांधा. अट एकच, त्या आंब्यावर तांब्याचं औषध फवारलं जात नसावं. आणि हौसेपोटी अभयारण्यातल्या झाडांवरून ऑर्किड ओरबाडून आणू नका. ती तिथेच शोभतात.

मजकुरासोबतच्या फोटोबद्दल तो मजकूर काहीच सांगत नाही. आयोनांथाची पानं गुलाबी-लाल होतात ती फुलायच्या वेळी. मग जांभळी फुलं येतात. टिलँडसियाच्या पानांचा एक गुच्छ आयुष्यात एकदाच फुलतो. त्यानंतर तो हळूहळू वाळत जातो आणि बुडाशी पिल्लं फुटतात. हे माहीत नसलेले लोक फुलून गेलेलं रोप मेलं समजून कचऱ्यात टाकतात, पिल्लांसकट. पिल्लं आईच्या निम्म्या आकाराची झाली की वेगळी करता येतात, नाही केली तरी त्यांचा छान गड्डा होतो.

विकत घेताना बुडखा दाबून पाहावा. तो घट्ट हवा, मऊ किंवा काळसर नको. पानं भरलेली हवीत. निळा, लाल, सोनेरी रंग फवारलेली रोपं प्रदर्शनांत दिसतात, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नयेत, कारण रंगाने खवले बुजतात आणि झाडाचं पाणी पिणंच बंद होतं. झेरोग्राफिका घेताना ती रोपवाटिकेत वाढवलेली आहे ना, हे विचारावं. ग्वाटेमाला-मेक्सिकोकडच्या रानांतून ती इतकी ओरबाडली गेली की तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्यानेच होतो. विक्रेत्याला याचं उत्तर देता आलं नाही तर त्याच्याकडून आयोनांथा घ्यावी आणि झेरोग्राफिका दुसरीकडे शोधावी.